कमी बटणांचा ब्राउझर हलका असतोच असं नाही

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज 11 वर जायचं तर टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप, किमान 4 जीबी रॅम आणि कंपनीच्या यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे कितीतरी लॅपटॉप एका तारखेत ‘जुने’ ठरले. अशा वेळी कुणीतरी जाणकार हमखास सांगतो, ‘त्यावर हलकं लिनक्स टाक, पळायला लागेल.’ विंडोजच्या जागी चालणारी ही दुसरी प्रणाली टाकली जाते. मशीन लवकर सुरू होतं, फोल्डर चटाचट उघडतात, सगळे खूश. मग ब्राउझर उघडतो, चार टॅब होतात, पाचव्याला पंखा घोंघावायला लागतो आणि माउसचा बाण अडखळतो.

माझ्या 2 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर नेमकं हेच झालं. मग मी ‘हलका’ म्हणून नावाजलेला एक ब्राउझर शोधून काढला. वर एकच पट्टी, तीन बटणं, बाकी सगळं कोरं. बघूनच वाटलं, हा उडेल. तोही पाचव्या टॅबला तसाच बसला.

दिसायला हलकं आणि चालायला हलकं, या दोन गोष्टींची आपण कायम गल्लत करतो. ब्राउझर बनवणारेही करतात, आणि कधी कधी जाणूनबुजून करतात. ही गल्लत सोडवायची तर आधी खिडकीच्या आत डोकवावं लागेल.

## खिडकी आणि आतलं ऑफिस

एखादी तिकीट खिडकी डोळ्यांसमोर आणा. आपल्याला दिसतो तो खिडकीत बसलेला माणूस, त्याच्यासमोरचा फॉर्मचा गठ्ठा आणि एक पाटी. मागे किती टेबलं आहेत, किती फायली आहेत, किती माणसं खपतायत, ते दिसत नाही. खिडकी छोटी केली, पाटी काढून टाकली, फॉर्म एकच ठेवला, म्हणून मागचं ऑफिस लहान होत नाही.

संगणकाच्या भाषेत खिडकी म्हणजे इंटरफेस: बटणं, मेन्यू, टॅबची रांग, पत्ता लिहायची पट्टी, म्हणजे आपला हात आणि डोळा जिथे लागतो ते सगळं. मागचं ऑफिस म्हणजे इंजिन. वेबपानाचा मजकूर, रचना, चित्रं आणि त्यातले छोटे छोटे प्रोग्राम वाचून त्याचं दिसणारं पान बनवण्याचं काम इंजिन करतं. आज जगातले बहुतेक ब्राउझर तीनच इंजिनांवर चालतात. क्रोम आणि त्याच्या भाऊबंदांचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. त्यातही ब्लिंक हे 2013 साली वेबकिटमधूनच फुटून निघालं, आणि वेबकिटचा उगम केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या केएचटीएमएल नावाच्या इंजिनात आहे. म्हणजे घराणी दोनच म्हणायची.

आता ‘सर्फ’ नावाचा ब्राउझर बघा. त्याला पत्त्याची पट्टी नाही, टॅब नाहीत, एकही बटण नाही. नुसतं पान दिसतं, बाकी सगळं कीबोर्डवरून. यापेक्षा मोकळी खिडकी कल्पनेतही येणार नाही. पण मागे वेबकिट अख्खंच्या अख्खं बसलेलं आहे. भरगच्च साइट उघडली की सर्फसुद्धा तेवढीच मेमरी खातो, कारण खाणारं इंजिन आणि वाढणारं पान दोन्ही तीच. फाल्कनसारखे साधे, सुटसुटीत ब्राउझरही याच जातीचे: पातळ खिडकी, मागे मोठं ऑफिस.

याउलट 1999 साली सुरू झालेला डिलो. त्याची बटणं, पट्ट्या, मेन्यू सगळं जुन्या वळणाचं, जरा गर्दीचंच. पण त्याचं इंजिन स्वतःचं आणि चिमुकलं आहे. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येणारे ते छोटे प्रोग्राम, तो चालवतच नाही. त्यामुळे ज्या मशीनवर बाकीचे ब्राउझर उघडायलाही कां-कू करतात तिथे तो झटक्यात उघडतो. अर्थात ऑनलाइन बँकिंग किंवा व्हिडिओच्या साइट त्यात चालणार नाहीत. 2002 मध्ये रिस्क ओएस या प्रणालीसाठी सुरू झालेला नेटसर्फही स्वतःचं छोटं इंजिन बाळगून आहे.

## मग खिडकी बनवणाऱ्याच्या हातात काय उरतं?

हा प्रश्न रास्त आहे. वजन इंजिनात आणि पानात असेल, तर इंटरफेसवाल्याने बटणांचे रंग ठरवावेत आणि गप्प बसावं?

तसं नाही. खिडकीतल्या माणसावर दोन गोष्टी पूर्णपणे अवलंबून असतात. एक, रांगेतल्या माणसाला ‘तुमचं ऐकलं, थांबा’ असं कधी कळतं. दोन, मागच्या ऑफिसला एका वेळी किती कामं पाठवायची. संथ मशीनवर या दोन्हींनी जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पहिल्याबद्दल आकडे जुनेच आहेत. रॉबर्ट मिलर यांनी 1968 मध्ये आणि जेकब नील्सन यांनी 1993 मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही वापरल्या जातात. केलेल्या कृतीचं उत्तर 0.1 सेकंदात आलं, तर ‘मीच केलं’ असं वाटतं. 1 सेकंदापर्यंत उशीर जाणवतो पण विचाराची साखळी तुटत नाही. 10 सेकंदांपुढे माणूस दुसरीकडे बघायला लागतो.

आता गंमत बघा. पान उघडायला 6 सेकंद लागणार असतील, तर इंटरफेस ते 2 वर आणू शकत नाही. पण लिंकवर क्लिक केल्यावर ती दबलेली दिसणं, टॅबवर नव्या साइटचं नाव येणं, ‘थांबवा’चं बटण जिवंत होणं, हे सगळं 0.1 सेकंदात करणं त्याच्या हातात आहे. हे झालं नाही तर आपण काय करतो? पुन्हा क्लिक करतो. मग पुन्हा. आधीच वाकलेल्या मशीनवर तेच काम तीनदा लादतो.

‘थांबवा’च्या बटणाबद्दल मला जरा जास्तच प्रेम आहे. नव्या ब्राउझरांत ते ‘पुन्हा लोड करा’ बरोबर एकाच जागेत कोंबलेलं असतं: पान येत असताना फुली, आलं की गोल बाण. जागा वाचते, खरं. पण संथ मशीनवर तुम्ही फुली दाबायला बाण नेता, तेवढ्यात पान पूर्ण होतं, फुलीचा गोल बाण होतो, आणि तुमचं बोट पडतं ते ‘पुन्हा लोड करा’वर. सहा सेकंद वाट पाहून आलेलं पान पुन्हा पहिल्यापासून. जो इंटरफेस संथ मशीनसाठी बनवायचा, त्यात ही दोन बटणं वेगळी ठेवावीत, किंवा निदान बटण बदलल्यावर क्षणभर क्लिक घेऊ नये. बटण वाचवलं म्हणून हलकं झालं, असा हिशेब इथे सपशेल फसतो.

हे सगळं जमायला एक अट आहे. खिडकीतल्या माणसाने मागे जाऊन फायली शोधायच्या नाहीत. म्हणजे बटणं-मेन्यू सांभाळणारा धागा (प्रोग्राममधली कामांची एक रांग) आणि पान बनवणारा धागा वेगळे हवेत. जुन्या ब्राउझरांत ते पुष्कळदा एकच असत. एका पानाने डोकं खाल्लं की मेन्यूही उघडत नसे, आणि सगळी खिडकी करडी पडे. 2008 मध्ये आलेल्या क्रोमने टॅब वेगवेगळ्या प्रक्रियांत, म्हणजे जणू स्वतंत्र प्रोग्राम म्हणून, चालवायला सुरुवात केली, त्यामागे हेही एक कारण होतं. एका टॅबने मान टाकली तरी बाकीचं ऑफिस चालू राहावं.

## मागे किती कामं पाठवायची

इथे येतो टॅबचा प्रश्न. आपल्यापैकी बहुतेकांचे वीस-पंचवीस टॅब उघडे असतात आणि त्यातले दोन-तीनच वापरात असतात. उरलेले ‘नंतर वाचू’ या सदरातले. शहाणा ब्राउझर सकाळी सुरू झाल्यावर कालचे सगळे टॅब नावापुरते दाखवतो, पण लोड फक्त समोरचा करतो. बाकीचे तुम्ही क्लिक कराल तेव्हा. तसंच बराच वेळ न पाहिलेला टॅब झोपवून ठेवतो, म्हणजे त्याची मेमरी सोडून देतो आणि फक्त पत्ता लक्षात ठेवतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी परीक्षा रचनेची आहे. झोपलेला टॅब ओळखू यायला हवा, नाहीतर क्लिक केल्यावर पान पुन्हा लोड होताना बघून माणूस चिडतो. आणि अर्धा भरलेला फॉर्म असलेला टॅब झोपवला तर? पंधरा रकाने भरून तुम्ही कागद शोधायला उठलात, परत येऊन बघता तर फॉर्म कोरा. असं एकदा झालं की ती सोय माणूस कायमची बंद करतो. म्हणून जिथे काही टाइप केलेलं आहे, आवाज चालू आहे किंवा फाइल उतरत आहे, ते टॅब हलवायचे नाहीत. हा नियम लिहायला एक ओळ लागते, आणि ती ओळ विसरली तर मेमरी वाचवण्याची बाकी सगळी कारागिरी पाण्यात.

## पडद्याचा हिशेब कागदावर

आता डेस्कटॉपकडे वळू. डेस्कटॉप म्हणजे मागचं चित्र असं आपण धरून चालतो, पण प्रत्यक्षात ती एक टोळी असते. खिडक्यांना चौकट देणारा आणि त्या हलवू देणारा विंडो मॅनेजर, कडेची पट्टी म्हणजे पॅनेल, फाइलींचा प्रोग्राम, सेटिंग वगैरे. 1996 मध्ये ऑलिव्हिए फूरदाँ यांनी सुरू केलेला एक्सएफसीई, 2006 मध्ये आलेला एलएक्सडीई आणि त्याच्या वंशातला, 2014 पासूनचा एलएक्सक्यूटी ही हलक्या डेस्कटॉपमधली ओळखीची नावं.

यात वजन कुठून येतं? एक छोटा गुणाकार करून बघा. साध्या लॅपटॉपचा पडदा 1366 गुणिले 768 ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी 4 बाइट. गुणाकार येतो 41,96,352 बाइट, म्हणजे सुमारे 4.2 मेगाबाइट. पडद्याचं एक चित्र मेमरीत ठेवायला इतकं लागतं. 1920 गुणिले 1080 च्या पडद्याला सुमारे 8.3 मेगाबाइट, आणि 3840 गुणिले 2160 ला 33.

जुन्या पद्धतीत सगळ्या खिडक्या थेट एकाच पडद्यावर रंगवल्या जात. वरची खिडकी सरकवली की खालच्या प्रोग्रामला निरोप जाई, ‘तुझा हा कोपरा उघडा पडला, पुन्हा रंगव.’ तो रंगवेपर्यंत खिडकीची शेपटी ओढल्यासारखे ओरखडे दिसत. नव्या पद्धतीत प्रत्येक खिडकीचं पूर्ण चित्र वेगळं जपून ठेवतात आणि एक प्रोग्राम ती सगळी चित्रं एकावर एक रचून पडदा तयार करतो. त्याला कंपोझिटर म्हणतात. त्यामुळे सावल्या, पारदर्शक कडा, अलगद विरघळणाऱ्या खिडक्या शक्य होतात आणि ओरखडे जातात. पण मोठ्या पडद्यावर दहा खिडक्या पूर्ण आकारात उघड्या असतील तर निव्वळ त्यांच्या चित्रांचे 83 मेगाबाइट झाले. ग्राफिक्स चिप जुनी असेल तर हे रचण्याचं काम प्रोसेसरच्या मानेवर येतं, आणि 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या पडद्याला दर 16.7 मिलिसेकंदांनी नवं चित्र हवं असतं. खिडकीखालची मऊ सावली दिसते गोंडस, पण तिचं भाडं असं भरावं लागतं.

एक्सएफसीईमध्ये हा कंपोझिटर एका खुणेने बंद करता येतो. सावल्या गेल्या, बाकी सगळं जागच्या जागी. मला हा इंटरफेस-रचनेचा उत्तम नमुना वाटतो, कारण महाग गोष्ट ठेवली, पण ती महाग आहे हे मान्य करून बंद करायची कळ हाताशी दिली.

तुलनेसाठी 1984 चा पहिला मॅकिंटॉश. पडदा 512 गुणिले 342, एका ठिपक्याला एकच बिट, काळा किंवा पांढरा. पूर्ण पडदा 22 किलोबाइटच्या आत. पण तेव्हाची सगळी मेमरीच 128 किलोबाइट होती, म्हणजे सहावा हिस्सा नुसत्या पडद्याने खाल्ला. आपण आज 4 मेगाबाइटला रडतोय, त्या लोकांनी काय केलं असेल!

अ‍ॅनिमेशनबद्दल आणखी एक. मेन्यू अलगद उमलायला पाव सेकंद ठेवला असेल, तर तो पाव सेकंद जगातल्या सर्वात वेगवान मशीनवरही जातो. तो कुणी ठरवून घातलेला उशीर आहे. दिवसातून दोनशे मेन्यू उघडणाऱ्याचे 50 सेकंद असेच गेले. हलक्या डेस्कटॉपवर जुनं मशीन ‘नव्यासारखं’ वाटतं त्यातला मोठा वाटा फक्त हा उशीर काढून टाकण्याचा असतो.

## एका पिक्सेलची फट

इंटरफेसच्या बाबतीत सगळ्यात स्वस्त सुधारणा मेमरीत सापडतच नाही, ती भूमितीत सापडते. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये दाखवलं, की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात न्यायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो: लक्ष्य किती लांब आणि किती मोठं. पडद्याची कड या हिशेबात विलक्षण आहे. माउस कितीही जोरात भिरकावा, बाण कडेला अडतो, पलीकडे जात नाही. म्हणून कडेला चिकटलेलं बटण, मग ते दिसायला छोटं का असेना, नेम धरायच्या दृष्टीने अवाढव्य असतं. कोपऱ्यातलं तर त्याहून सोपं.

पण अट एकच: बटण खरोखर कडेला चिकटलेलं हवं. विंडोज 95 च्या स्टार्ट बटणाभोवती बारीकशी कड होती. बाण कोपऱ्यात भिरकावून क्लिक केलं, की ते त्या कडेवर पडे आणि काहीच होत नसे. पुष्कळ हलक्या डेस्कटॉपांच्या थीममध्ये हीच चूक आजही दिसते. पॅनेल सुंदर दिसावं म्हणून चहूबाजूंनी थोडी मोकळी जागा सोडतात आणि कडेचा सगळा फायदा घालवून बसतात. तुमच्या मशीनवर तपासून बघा. मेन्यूचं बटण ज्या कोपऱ्यात आहे त्याच्या अगदी टोकाला बाण न्या आणि क्लिक करा. मेन्यू उघडला तर बनवणाऱ्याला कळतं.

उंचीचंही तसंच. 768 ठिपके उंचीच्या पडद्यावर खिडकीची शीर्षकपट्टी 30, टॅबची रांग 35, पत्त्याची पट्टी 40, बुकमार्कची पट्टी 30 आणि खालचं पॅनेल 30 धरलं, तर 165 ठिपके गेले. पाचव्या हिश्श्याहून जास्त. पान वाचायला आलेल्या माणसाला पाचातला एक भाग चौकटीच बघाव्या लागतात. पडदे आडवे रुंद असतात, तेव्हा पॅनेल किंवा टॅब बाजूला उभे लावण्याची सोय ही चैन मानू नये.

मात्र जागा वाचवायची म्हणून सगळंच तीन आडव्या रेघांच्या मेन्यूत कोंबण्यावर माझा विश्वास नाही. लपवलेली गोष्ट मशीनला हलकी होत नाही, तिचा कोड मेमरीत असतोच. ती फक्त माणसाला शोधावी लागते. ‘फाइल, संपादन, दृश्य’ असे शब्द लिहिलेली जुनी मेन्यूपट्टी कितीही जुनाट वाटो, वाचता येते. निव्वळ चित्रांची रांग पाठ करावी लागते.

आणि चित्रं फसवतातही. पत्त्याशेजारचं कुलूप आठवतं? त्याचा खरा अर्थ एवढाच की साइटशी चाललेलं बोलणं मध्येच कुणी वाचू शकत नाही. लोकांनी अर्थ घेतला, ही साइट भरवशाची आहे. ठग साइटही कुलूप लावूनच येतात. गूगलच्या 2021 च्या अभ्यासात फक्त 11 टक्के लोकांना कुलपाचा नेमका अर्थ सांगता आला, आणि 2023 मध्ये क्रोमने ते चिन्ह बदलून सेटिंगच्या कळांसारखं साधं चिन्ह आणलं. छोट्या ब्राउझरने अशा वेळी काय करावं? माझ्या मते साइटचं मूळ नाव ठळक आणि बाकीचा पत्ता फिका दाखवावा. नकली साइट बहुधा त्या नावातच पकडली जाते.

पत्ता आणि शोध एकाच पट्टीत आणायची रीत क्रोमने 2008 मध्ये रूढ केली. सोयीची आहे, पण सूचना चालू असतील तर टाइप केलेलं प्रत्येक अक्षर शोधयंत्राकडे जातं. संथ जोडणीवर त्या सूचना उशिरा येतात आणि नेमक्या एंटर दाबताना यादी हलते. अशा मशीनसाठी सूचना आपल्याच इतिहासातून द्याव्यात, बाहेर विचारू नये.

## एकाच गावची माणसं

बटणं, यादी, सरकपट्टी हे सगळं प्रत्येक प्रोग्राम स्वतः घडवत नाही. त्यासाठी तयार सुट्या भागांची पेटी मिळते, तिला टूलकिट म्हणतात. एक्सएफसीई जीटीके नावाची पेटी वापरतो, एलएक्सक्यूटी क्यूटी वापरतो, डिलो एफएलटीके ही फार छोटी पेटी. एकाच पेटीचे चार प्रोग्राम उघडले तर पेटी मेमरीत एकदाच येते आणि सगळे ती वाटून घेतात. एक या पेटीचा, दुसरा त्या पेटीचा, असं केलं की दोन्ही पेट्या उघडाव्या लागतात. हलक्या डेस्कटॉपसोबत मिळणारा साधा एडिटर आणि साधा फोटो दाखवणारा प्रोग्राम त्याच पेटीतले का असतात, त्याचं उत्तर हे.

इलेक्ट्रॉन या साच्यावर बनलेले प्रोग्राम तर पेटीच्या जागी अख्खं क्रोमियम, म्हणजे क्रोमचा पाया, प्रत्येकी वेगळं घेऊन येतात. चॅटचं एक आणि नोंदवहीचं एक उघडलं, की तुमच्या मशीनवर ब्राउझरसकट तीन ब्राउझर चालू आहेत.

## ‘मोकळी मेमरी म्हणजे वाया गेलेली मेमरी’ ना?

अर्धं खरं. मोकळी राहिलेली रॅम प्रणाली फाइलींच्या प्रती जवळ ठेवायला वापरते आणि गरज पडली की लगेच सोडते. म्हणून ‘आमचा डेस्कटॉप अमुक इतक्याच मेमरीत उभा राहतो’ या बढाईला फारसा अर्थ नाही. पण प्रोग्रामने धरून ठेवलेली मेमरी अशी सुटत नाही. ती कमी पडली की प्रणाली काही भाग डिस्कवर ढकलते आणि लागेल तेव्हा परत आणते. टेबलावर जागा उरली नाही म्हणून दर कागदासाठी कपाटापाशी उठायचं, तसं. आत तबकडी फिरणारी जुन्या पद्धतीची डिस्क असेल तर मशीन गोठल्यासारखं होतं ते याच ये-जा करण्यात. 8 जीबीच्या मशीनवर दोन-तीनशे मेगाबाइटचा फरक कळतही नाही. 2 जीबीच्या मशीनवर तोच फरक म्हणजे आणखी एखाद-दोन टॅब.

## ‘हलका म्हणजे असुरक्षित’ असं आहे का?

काही वजन मुद्दाम घेतलेलं असतं. 2018 च्या सुरुवातीला प्रोसेसरांमधली स्पेक्टर ही त्रुटी उघड झाली. एका साइटचा कोड त्याच प्रक्रियेतल्या दुसऱ्या साइटची माहिती चोरून वाचू शकेल अशी भीती होती. त्यावर क्रोमने त्याच वर्षी प्रत्येक साइट वेगळ्या प्रक्रियेत टाकली, आणि त्यापायी मेमरीचा खर्च सुमारे 10 ते 13 टक्क्यांनी वाढल्याचं गूगलनेच सांगितलं. हे वजन काढून ‘हलका’ म्हणवणारा ब्राउझर मी पैशांच्या व्यवहाराला वापरणार नाही.

डिलोसारख्याचं गणित वेगळं. जावास्क्रिप्टच चालत नसेल तर हल्ल्याचा मोठा रस्ता मुळातच बंद. पण बनवणारे मूठभर, दुरुस्त्या त्यांच्या सवडीने. म्हणून जुन्या मशीनवर मी दोन ब्राउझर ठेवतो: वाचायला हलका, व्यवहाराला अद्ययावत फायरफॉक्स, आणि काम झालं की तो बंद. फायरफॉक्सचं नाव घेतलं म्हणून सांगतो, 2002 मध्ये तोही ‘फीनिक्स’ नावाने हलका ब्राउझर म्हणूनच जन्मला होता. मेल, एडिटर, पत्तावही सगळं एकात कोंबलेल्या मोझिला संचातून नुसता ब्राउझर वेगळा काढला होता. पुढे वेब वाढत गेलं, तसा तोही.

## जे वजन टाकता येणार नाही

हलकेपणाच्या नादात दोन गोष्टी हमखास गळतात, आणि त्या गळाल्याचं बनवणाऱ्याला कळतही नाही, कारण त्याला त्या लागत नाहीत. पहिली म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला इंटरफेसने माहिती पुरवणं. दृष्टी नसलेल्या माणसाला तुमचं बटण ‘बटण’ आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. फार छोट्या टूलकिटांत हा भाग अनेकदा नसतोच, आणि मग तो प्रोग्राम कितीही चपळ असला तरी त्या माणसासाठी बंद दार.

दुसरी गोष्ट आपल्या लिपीची. ‘कि’ लिहिताना संगणकात आधी क साठवला जातो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी यायला हवी. ‘क्ष’ तर क, हलन्त चिन्ह आणि ष अशा तीन खुणांमधून घडवावा लागतो. ही अक्षरजुळणी करणारा भाग, बहुतेक ठिकाणी हार्फबझ, सोडून दिला की इंग्रजी पान नीटनेटकं दिसतं आणि मराठी पानावर वेलांट्या भलत्या अक्षराला लटकतात, जोडाक्षरांचे पाय मोडतात. एखादा हलका ब्राउझर आवडला तर निर्णय घेण्याआधी त्यात मराठीचा एक परिच्छेद उघडा. ‘स्थिती’ हा शब्द नीट दिसला तर पुढे जा.

## मग वजन कमी करायचं कुणी?

बरंचसं पान लिहिणाऱ्यांनी. आज सर्वसाधारण वेबपान 2 मेगाबाइटच्या पुढे गेलं आहे, आणि त्यातला वाचण्याचा मजकूर कित्येकदा काही किलोबाइटच असतो. खिडकीतल्या माणसाने कितीही चपळाई केली तरी येणारा प्रत्येक अर्ज गोणीभर जोडपत्रं घेऊन येत असेल तर मागचं ऑफिस दमणारच.

डिलोची 3.1 ही आवृत्ती मे 2024 मध्ये आली, आधीच्या आवृत्तीनंतर जवळपास नऊ वर्षांनी. एवढ्या वर्षांत त्याच्या इंटरफेसमधला एक तपशील टिकून आहे. खिडकीच्या तळाशी कोपऱ्यात एक बारीकसा किडा असतो आणि शेजारी आकडा. उघडलेल्या पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या भाषेत लिहितात तिच्यात, किती चुका सापडल्या, तो हा आकडा. किड्यावर क्लिक केलं की कुठल्या ओळीत काय चुकलंय त्याची यादी येते.